भूकैलासचा वाडा पुन्हा नांदता करायचा तर

कोलकात्याच्या दक्षिण-पश्चिमेला, आदिगंगेच्या मुखाजवळ खिदिरपूर वसले आहे. 1892 साली इथली गोदी सुरू झाली आणि पुढे हा भाग बंदराचा, खलाशांचा, गोदामांचा, फॅन्सी मार्केटच्या गर्दीचा म्हणून ओळखला जाऊ लागला. मायकेल मधुसूदन दत्त, रंगलाल बंद्योपाध्याय आणि हेमचंद्र बंद्योपाध्याय हे तिन्ही कवी याच खिदिरपुरात राहिले. कवींची ही ओळख मागे पडत गेली आहे, आणि तिच्याहीपेक्षा जुनी एक ओळख आज जेमतेम तग धरून आहे. ती म्हणजे भूकैलास.

रहदारीतून आत शिरले की शिवगंगा नावाचा तलाव लागतो. त्याच्या काठी 1781 साली बांधलेली दोन मोठी शिवमंदिरे आहेत. ती बंगाली आटचाला घडणीची आहेत, म्हणजे खाली चार उतारांचे छप्पर आणि त्यावर तशाच चार उतारांचे दुसरे, लहान छप्पर. आतल्या काळ्या दगडाच्या पिंडी माणसाच्या उंचीहून मोठ्या आहेत. एकीचे नाव रक्तकमलेश्वर, दुसरीचे कृष्णचंद्रेश्वर. जवळच पतितपावनी दुर्गेचे मंदिर आहे. हे सारे उभे केले महाराजा जयनारायण घोषाल यांनी. त्यांचे चुलते गोकुळचंद्र हे गव्हर्नर व्हेरेल्स्ट यांचे दिवाण होते, आणि घराण्याचे वैभव तिथून वाढले. त्याआधी हे कुटुंब गोविंदपुरात राहत होते. प्लासीनंतर नवा फोर्ट विल्यम बांधण्यासाठी इंग्रजांनी गोविंदपूरची वस्ती उठवली, तेव्हा ते खिदिरपुरात आले. जयनारायण पुढे काशीत स्थायिक झाले. तिथे त्यांनी शाळा काढली, 1818 साली ती चर्च मिशनरी सोसायटीच्या हाती सोपवली आणि 1821 साली काशीतच देह ठेवला.

मराठी वाचकाला हा काळ अनोळखी नाही. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने कोलकात्याच्या लोकांनी 1742 साली शहराभोवती जो खंदक खणायला घेतला, तो मराठा डिच या नावाने ओळखला जातो. 1751 च्या तहाने त्या स्वाऱ्या थांबल्या. भूकैलास उभे राहिले ते त्यानंतर तीस वर्षांनी, बंगालमधल्या नव्या धनाढ्यांच्या बहराच्या काळात.

आज भूकैलासची मंदिरे नांदती आहेत. शिवरात्रीला इथे मोठी गर्दी होते. राजबाडी, म्हणजे घोषालांचा राजवाडा, मात्र थकलेली आहे. भोवती वस्ती दाटली आहे आणि उरलेल्या भिंतींना डागडुजीची गरज आहे. अशा वास्तूत एखाद्या भक्तमंडळाने, न्यासाने किंवा घराण्याच्या वारसांनी धार्मिक आणि सामाजिक केंद्र चालवायचे ठरवले, म्हणजे खाली कीर्तन-प्रवचन, मागे प्रसादाचा भटारखाना, वर ग्रंथालय, एका कोपऱ्यात दवाखाना, तर ते काम कसे होते, कोणत्या क्रमाने होते आणि कुठे बिघडते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. भूकैलास इथे डोळ्यासमोर धरायला घेतले आहे. नियम मात्र पुण्या-नाशकातल्या, वाई-सातारच्या वाड्यांनाही लागू पडतात.

आधी एक प्रश्न येतो: धार्मिक वापरासाठी वाडा देणे वास्तूच्या हिताचे आहे का? माझे उत्तर हो असे आहे, आणि त्याचा पुरावा खिदिरपूरला लागूनच असलेल्या मटियाबुर्जमध्ये आहे. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह 1856 साली तिथे आले आणि पुढची तीस वर्षे त्यांनी हुगळीकाठी लखनौची प्रतिकृती उभी केली. महाल, बागा, प्राणिसंग्रहालय, सारे काही होते. 1887 साली ते वारले आणि काही वर्षांत महालांचा लिलाव होऊन बहुतेक सारे पाडले गेले. टिकला तो सिबतैनाबाद इमामबाडा, 1864 साली बांधलेला. नवाबाची कबर तिथे होती, मोहरममध्ये तिथे लोक जमत होते, आणि दिवाबत्तीला माणूस होता. बाकीच्या महालांना नवाबाशिवाय कोणी नव्हते. रोज उघडली जाणारी इमारत गळू लागली की पहिल्याच पावसात कोणाच्या तरी लक्षात येते. बंद इमारतीची गळती लक्षात येते तेव्हा छत खाली आलेले असते.

पण याच वापराला दुसरी बाजूही आहे. एखादा उत्साही न्यास पाच वर्षांत वाड्याचे जेवढे नुकसान करतो, तेवढे पन्नास वर्षांचे दुर्लक्षही करत नाही. सिमेंटचा गिलावा, संगमरवरी फरशी, चकचकीत टाइल्स, स्लॅबचा नवा मजला, ऑइल पेंट. हे सगळे श्रद्धेने आणि देणगीदारांच्या पैशाने होते. म्हणून पहिल्या बैठकीतच एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते: वापराने वाड्याशी जुळवून घ्यायचे, वाड्याने वापराशी नाही.

मालक कोण

काम सुरू होते ते कागदांपासून. बंगालमध्ये अशा घराण्यांची मालमत्ता अनेकदा देवोत्तर असते, म्हणजे देवाला अर्पण केलेली. तिथे कायद्याने मालक देव असतो आणि घराण्यातली माणसे सेवाइत म्हणून कारभार पाहतात. देव ही कायद्यातली व्यक्ती आहे आणि देव कुठे राहील याबाबत त्याचे हित स्वतंत्रपणे पाहिले पाहिजे, हे प्रिव्ही कौन्सिलने 1925 साली ठरवले, आणि तो खटला कोलकात्याच्याच मल्लिक घराण्यातला होता. त्यामुळे दुरुस्तीसाठी मूर्ती हलवायची झाली तरी एका सेवाइताच्या मर्जीवर ती हलवता येत नाही. वाडा देवोत्तर आहे, खासगी आहे की न्यासाचा, त्यात कोणाकोणाचा वाटा आहे, भाडेकरू कोण आहेत, हे उलगडायला कधी कधी दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागतो. महाराष्ट्रात निदान सार्वजनिक न्यासासाठी धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे, आणि न्यासाची जागा विकायला किंवा दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यायला 1950 च्या कायद्याच्या कलम 36 नुसार त्यांची परवानगी लागते. बंगालमध्ये असा वाद बहुधा थेट दिवाणी न्यायालयात जातो.

आवारात राहणाऱ्या कुटुंबांचे काय, हा प्रश्न या टप्प्यावरच सोडवायचा. त्यांना आधी पर्यायी जागा, मग काम. धर्माच्या नावाने चालवायचे केंद्र कोणाच्या तरी डोक्यावरचे छप्पर काढून सुरू होऊ नये, असे मला मनापासून वाटते. व्यवहाराच्या बाजूनेही तेच शहाणपणाचे ठरते, कारण नाराज शेजाऱ्यांच्या मधोमध परांची उभी करणे फार अवघड जाते.

पुढची परवानगी महापालिकेची. कोलकाता महापालिकेच्या 1980 च्या कायद्यात वारसा इमारतींसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. इमारतींना मुंबईसारख्याच श्रेणी दिल्या जातात: एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन. पहिल्या श्रेणीत बाहेरून काही बदलता येत नाही, दुसऱ्यात मर्यादित मोकळीक मिळते, तिसऱ्यात संरक्षण सगळ्यात सैल. प्रस्ताव वारसा समितीपुढे जातो. याशिवाय 2001 च्या कायद्याने स्थापन झालेले राज्याचे हेरिटेज कमिशन आहे. समितीला नकाशे, छायाचित्रे आणि दुरुस्तीची पद्धत लेखी हवी असते. अनेक न्यासांना ही कटकट वाटते. पण हीच कागदपत्रे पुढे ठेकेदाराशी वाद झाला तर न्यासाच्या बाजूने उभी राहतात.

गर्दी किती, आणि कुठे

आता मोजमाप. वास्तुविशारदाला बोलावून वाड्याचे पूर्ण रेखांकन करून घ्यायचे. प्रत्येक भिंतीची जाडी, प्रत्येक तडा, प्रत्येक तुळई कागदावर यायला हवी. तड्यांवर काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवून तारीख लिहितात. पट्टी फुटली तर तडा अजून हलतो आहे, शाबूत राहिली तर तो जुना आणि निवांत आहे. एका पावसाळ्याचे आणि एका उन्हाळ्याचे निरीक्षण तरी हवेच, कारण हुगळीकाठची माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते.

बंगाली राजबाडी आणि आपला पेशवाई वाडा यांच्या अंगात मोठा फरक आहे. आपल्याकडे दगडी जोते, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मध्ये विटा किंवा माती. भार लाकूड पेलते. भिंत ढासळली तरी वाडा उभा राहू शकतो. गंगेच्या गाळाच्या प्रदेशात दगड मिळत नाही. तिथे दीड-दोन फूट जाडीच्या, चुना-सुरखीत रचलेल्या विटांच्या भिंती स्वतः भार पेलतात. त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर वासे, वाशांवर भाजलेल्या मातीच्या चौकोनी फरश्या, आणि त्यावर चुन्याचा कोबा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडी तुळयांच्या जागी लोखंडी गर्डर आले. अशा इमारतीत भिंतीची तब्येत बिघडली तर सगळेच बिघडते.

यातला कळीचा आकडा भाराचा आहे. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीची जमीन एका चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरून आखतात. लोक दाटीने जमतात अशा, खुर्च्या पक्क्या बसवलेल्या नसलेल्या सभागृहासाठी हाच आकडा सुमारे 500 किलो आहे. म्हणजे राजघराण्याच्या दिवाणखान्यात आरतीला भक्त दाटीने उभे राहिले की त्या जमिनीवर अडीचपट भार येतो, आणि तोही हलता, टाळ्यांच्या ठेक्यावर नाचणारा. पुस्तकांची कपाटे त्याहून जड. ग्रंथसाठ्याच्या खोलीला मानक सुमारे 600 किलोपासून सुरुवात करते. शंभर-सव्वाशे वर्षांच्या तुळया, ज्यांचे भिंतीत शिरलेले टोक ओलीने कुजलेले असू शकते, त्यांच्यावर हे टाकायचे का?

टाकायचे नाही. आणि सुदैवाने टाकावे लागतही नाही, कारण राजबाडीची मूळ रचनाच याचे उत्तर देते. तिथे मधोमध अंगण असते, अंगणाच्या एका बाजूला तीन किंवा पाच कमानींचे ठाकुरदालान, म्हणजे पूजेचे दालन, असते, आणि दुर्गापूजेला सगळा गाव त्या अंगणात मावत असे. गर्दीची जागा बांधणाऱ्यांनीच जमिनीवर ठेवली होती. कीर्तन, प्रवचन, महाप्रसाद, सारे अंगण आणि ठाकुरदालानात व्हावे. गरज असेल तर अंगणावर हलके, काढता येणारे, वाड्याच्या भिंतीला न टेकणारे छत घालावे. वरच्या मजल्यावर ज्येष्ठांच्या अभ्यासवर्गाची खोली, कार्यालय, एकदोन पाहुण्यांच्या खोल्या असाव्यात. ग्रंथालयही वर न ठेवता तळमजल्यावर, पण ओलीपासून दूर, भिंतीपासून हातभर सोडून ठेवलेल्या रॅकवर. वरच्या मोठ्या खोलीच्या दारावर किती माणसांनी आत जायचे हा आकडा लिहिलेला असावा आणि तो पाळला जावा. एवढ्या एका निर्णयाने लाखो रुपयांचे लोखंड आणि काँक्रीट वाचते, आणि वाड्याच्या पोटात न शोभणारे खांब घालावे लागत नाहीत.

भटारखाना बाहेर हवा. धूर, तेलाची वाफ, रोज सांडणारे शेकडो लिटर पाणी आणि गॅसच्या टाक्या जुन्या लाकडाच्या छताखाली नकोत. मागच्या अंगणात साधी, वेगळी, हवेशीर इमारत उभारावी. ती नवी आहे हे दिसले तरी बिघडत नाही. शौचालयांचेही तसेच.

पाणी, झाडे, चुना

प्रत्यक्ष कामात पहिला शत्रू पाणी. कोलकात्यात वर्षाला सरासरी 1600 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. गच्चीची पन्हळ तुंबते, पाणी साचते, कोब्यातल्या भेगेतून खाली उतरते आणि तुळईचे टोक कुजवते. म्हणून मोठे काम सुरू होण्याआधी, निधी अर्धाही जमला नसताना, दोन गोष्टी लगेच करायच्या: पन्हळी मोकळ्या करायच्या आणि वाकलेल्या छताखाली टेकू लावायचे. हे स्वस्तात होते आणि वाडा पुढच्या पावसाळ्यापर्यंत तगतो.

मग झाडे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ-वडाचे बी दरजेत पडते, रोप येते, मुळे चुना शोधत भिंतीत उतरतात. उपटून काढले तर मूळ आपल्याबरोबर विटांचा थर घेऊन येते. अर्धवट कापले तर दोन महिन्यांत फुटवा येतो. बरोबर पद्धत अशी: खोड भिंतीपासून थोडे वर कापायचे, ताज्या कापावर तणनाशक लावायचे, मूळ आत पूर्ण वाळेपर्यंत थांबायचे, मग वाळलेले मूळ तुकड्या-तुकड्याने काढून पोकळी पातळ चुन्याने भरायची. थांबणे हाच या कामाचा मुख्य भाग आहे. पिंपळ कापताना भक्तांचे मन कचरते, ते समजण्यासारखे आहे. रोप लहान असतानाच काढून अंगणात किंवा तळ्याकाठी लावले तर दोन्ही साधते.

आता चुना, आणि यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण जुन्या वास्तूंचे मरण-जगणे इथे ठरते. चुनखडी सुमारे 900 अंशांवर भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विझवला की उकळी फुटते, आणि मऊ लगदा तयार होतो. हा लगदा पाण्याखाली आठवडे, शक्यतो महिने, मुरत ठेवायचा. जितका मुरेल तितका तो लोण्यासारखा होतो. त्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेचा भुगा, आणि वाळू मिसळायची. वीट मध्यम भाजलेली हवी. अति भाजून काळी पडलेल्या विटेचा भुगा चुन्याशी नीट प्रक्रिया करत नाही. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो. सुरखीचा चुना त्याशिवाय पाण्याशी प्रक्रिया करूनही घट्ट होतो, म्हणून ओल्या बंगालला तो मानवला. आपल्याकडे हे मिश्रण बैलाच्या चुन्याच्या घाणीत मळले जाई. आज तिची जागा विजेवर फिरणाऱ्या घाणीने घेतली आहे, पण मळण्याला पर्याय नाही. गूळ, मेथी, हिरडा, बेलफळाचा गर घालण्याची रीत देशभर होती. कशाचे प्रमाण किती ते जुन्या गिलाव्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून आणि जुन्या गवंड्याला विचारून ठरवावे, अंदाजाने नाही.

सिमेंट का नको? सिमेंट मजबूत आहे म्हणूनच नको. हुगळीकाठच्या जमिनीत पाणी वर असते. ते विटेतून, पाणी शोषणाऱ्या टीपकागदासारखे, भिंतीत चढते आणि बरोबर क्षार आणते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. पाणी त्यातून बाहेर उडून जाते, क्षार गिलाव्यावर जमतात, गिलावा झिजतो आणि दहा-वीस वर्षांनी बदलता येतो. वीट वाचते. त्या जागी सिमेंट लावले की पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. ते आणखी वर चढते, आणि क्षार सिमेंटच्या मागे, विटेच्या अंगातच फुटतात. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आत विटेची पूड होत असते. काही वर्षांनी सिमेंटचा पापुद्रा विटेचा चेहरा घेऊनच गळून पडतो. शिवाय जुनी भिंत ऋतूप्रमाणे किंचित हलते. चुना तिच्याबरोबर हलतो, सिमेंट फुटते. म्हणून आधीच्या दुरुस्तीतले सिमेंट हलक्या हाताने, छन्नीने काढणे हे जीर्णोद्धाराचे पहिले मोठे काम असते. ड्रिल मशीनने ते लवकर निघते, पण वीटही निघते.

गच्चीचा कोबा बंगालमध्ये चुना, सुरखी आणि विटांच्या खडीचा करतात. प्रमाण बहुधा दोन, दोन, सात असे. ओला थर अंथरून लाकडी थापीने दिवसेंदिवस ठोकायचा, वरून गुळाचे पाणी शिंपडत राहायचे, थापी उसळून परत येऊ लागली की थर पुरेसा घट्ट झाला. मजूर रांगेत बसून ठोकत आणि ठेका राखण्यासाठी गात. छत ठोकण्याची ती गाणी बंगालच्या लोकसंगीतात वेगळी ओळखली जातात. आपल्या पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवरचा कोबा याच कुळातला. असा कोबा नीट झाला आणि उतार पन्हळीकडे असला, तर डांबराच्या पत्र्याची गरज पडत नाही.

लोखंडी गर्डर असतील तर गंज तपासायचा. गंजलेले लोखंड मूळच्या कित्येक पट जागा घेते आणि आजूबाजूची वीट फोडते. गंज वरवरचा असेल तर घासून रंग द्यावा. खोल असेल तर शेजारी नवा गर्डर घालून भार वाटून घ्यावा, जुना काढू नये. लाकडी तुळईचे फक्त टोक कुजले असेल तर तेवढेच कापून जुने सागवान जोडता येते. चांगला सुतार हे सांधकाम असे करतो की जोड शोधावा लागतो. कारागिरांची वानवा आहे असे ऐकायला मिळते. पण मुर्शिदाबाद जिल्ह्यातले गवंडी भारतभर बांधकामावर आहेत, आणि त्यांच्यातल्या वयस्कांच्या हाताला चुना ठाऊक आहे. त्यांच्याकडून तरुणांना शिकवून घेणे हा प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातला खर्च मानावा.

कोलकात्यात चुन्याचे काम दुर्गापूजेनंतर सुरू करून वैशाखापर्यंत उरकावे. पावसात चुना सुकत नाही, आणि कडक उन्हात तो घाईने सुकून तडकतो, म्हणून ओली पोती टाकून त्याला जपावे लागते. एका मोसमात एक बाजू झाली तरी समाधान मानावे. मुहूर्तासाठी चुन्याला घाई केली तर तडे पुढच्या उन्हाळ्यात दिसतात.

वीज, आग, आणि देवाचे पाणी

2010 साली पार्क स्ट्रीटवरच्या स्टीफन कोर्ट या जुन्या इमारतीला आग लागली आणि चाळीसहून अधिक माणसे गेली. कोलकात्यात जुन्या इमारतीत लोक जमवायचे म्हणणाऱ्याने ती घटना विसरू नये. गर्दीच्या प्रत्येक जागेतून बाहेर पडायला दोन वाटा हव्यात, आणि त्या वाटांवर चपलांचे रॅक, सतरंज्या, मांडवाचे बांबू ठेवलेले नसावेत. वायरिंग पूर्ण नवे करावे, पण भिंती फोडून आत गाडू नये. उघड्या नळीतून, कोपऱ्याच्या रेषेत न्यावे, म्हणजे पुढे बदलतानाही गिलावा शाबूत राहतो. समया आणि होमकुंड यांच्यासाठी जागा ठरवून द्यावी, लाकडी छताखाली नको. वातानुकूलनाचा मोह टाळता आला तर उत्तमच. उंच छत, समोरासमोर दारे आणि खिडक्यांच्या लाकडी झडपा हे वाड्याचे स्वतःचे वातानुकूलन आहे. झडपा दुरुस्त केल्या आणि पंखे लावले की कोलकात्याचा दमट उन्हाळाही सोसतो.

एका गोष्टीकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही: रोज धुतली जाणारी फरशी. अभिषेकाचे पाणी, दूध, फुले, सकाळ-संध्याकाळ बादल्यांनी धुणे. हे पाणी जर भिंतीच्या पायथ्याशी मुरत राहिले तर सगळा चुना व्यर्थ जातो. गाभाऱ्याची आणि ठाकुरदालानाची मोरी कुठे जाते हे नकाशात पाहिजे, आणि भिंतीपासून दूर नेणारा उतार व उघडी गटारे हवीत. जिथे धुवायची गरज नाही तिथे ओल्या फडक्याने पुसण्याची सवय लावावी.

दुरुस्तीच्या काळात पूजा बंद ठेवायची का, हा नाजूक प्रश्न आहे. पंढरपूरने अलीकडे याचे चांगले उदाहरण घालून दिले. 2024 साली विठ्ठल मंदिराच्या मूळ दगडी रूपासाठी काम सुरू झाले तेव्हा पदस्पर्श दर्शन काही आठवडे थांबवले आणि ठरलेल्या वेळात लांबून मुखदर्शन सुरू ठेवले. गाभाऱ्यातले नंतरच्या काळातले ग्रॅनाइट आणि रंगाचे थर काढले गेले, आतला जुना दगड पुन्हा दिसू लागला. कामादरम्यान एका तळघरात जुन्या मूर्तीही सापडल्या. वारकऱ्यांनी हे सहन केले, कारण काय चालले आहे आणि का, हे त्यांना आधी सांगितले होते. जुने रूप परत आणणे म्हणजे देवाची शोभा कमी करणे नव्हे, हे पटवायला सर्वांत चांगला मार्ग म्हणजे एक छोटा तुकडा साफ करून दाखवणे. राजबाडीतही एका कमानीवरचे ऑइल पेंटचे थर काढून खालचा घोटीव चुन्याचा गिलावा भक्तांना दाखवावा. बहुतेकदा वाद तिथेच संपतो.

पैसा कुठून येणार, याचे साचेबंद उत्तर नाही. मुंबईच्या फोर्टातले, 1884 साली बांधलेले केनेसेथ एलियाहू सिनेगॉग वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली सांभाळून दुरुस्त झाले आणि 2019 साली पुन्हा उघडले. मुंबईतला ज्यू समाज आता लहान आहे. आपल्या वास्तूवर शहराचेही प्रेम आहे हे ओळखून त्या न्यासाने बाहेरच्या देणगीदारांना सोबत घेतले. भूकैलाससारख्या ठिकाणी भक्त, घोषाल घराण्याचे वंशज, खिदिरपूरचे व्यापारी आणि वारसाप्रेमी या सगळ्यांना एकत्र बसवावे लागेल. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी गिलाव्यात बसवू देऊ नये. त्यांची नावे अंगणातल्या एका वेगळ्या फलकावर यावीत, आणि हे पैसे घेण्याआधीच सांगावे.

निधीतला एक भाग सुरुवातीलाच बाजूला काढून, त्याच्या व्याजावर एक कायमचा गवंडी आणि एक सुतार ठेवावा. ज्येष्ठात पावसाआधी गच्ची, पन्हळी, रोपे तपासायची आणि अश्विनात पावसानंतर ओलीचे डाग बघायचे. त्याची तारखेसह नोंदवही ठेवायची. हे न करणाऱ्या न्यासाने मोठे काम हातीच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठी माणसे कोलकात्यात गेली की हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात उतरतात, दक्षिणेश्वर आणि बेलूर बघून परततात. पुढच्या वेळी खिदिरपूरला जा, शिवगंगेच्या काठी थोडे बसा. आणि तुमच्या गावात एखाद्या वाड्याचा मठ, मंदिर किंवा सभागृह करायचे घाटत असेल आणि तुम्ही त्या समितीवर असाल, तर सिमेंटच्या पहिल्या पोत्याची ऑर्डर जाण्याआधी चुना जाणणारा एक गवंडी आणि जुन्या इमारती जाणणारा एक अभियंता यांना वाडा दाखवा, आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्या.